इंजिनच गरगर फिरतं तेव्हा

बसा रे पोरांनो, कंदील जरा इकडे सरकवा, आणि कुणाला झोप येत असेल तर त्यानं आत्ताच जाऊन आडवं व्हावं, कारण आजची गोष्ट भारी गोंगाटाची आहे. गोष्ट फ्रान्स देशातली, शंभरावर वर्षं झाली तिला, आणि तिच्यात एक असं इंजिन आहे की ते पंखा फिरवता फिरवता स्वतःही गरगर फिरायचं, वर एरंडेल प्यायचं, आणि प्यालेलं सगळं मागं बसलेल्या वैमानिकाच्या तोंडावर उडवायचं. हसू नका, थापा मारत नाही मी. पण तिथवर पोचायला आधी थोडं आडवाटेनं जावं लागेल.

त्या काळी उडायची हौस असलेल्यांना पंख कसे करावेत, शेपूट कुठं लावावी याचा अंदाज येत चालला होता. घोडं पेंड खात होतं ते इंजिनापाशी. मोटारगाडीचं इंजिन म्हणजे लोखंडाचं धूड. सिलिंडर एकामागं एक रांगेत, त्यांच्या खालून जाणारा लांबलचक क्रँक, त्याला सांभाळायला तेवढीच लांब पेटी, आणि हे सगळं गार ठेवायला पाणी आणि रेडिएटर. जमिनीवर ते खपून जातं, कारण भार चाकं वाहतात. हवेत एकेका किलोचा हिशेब द्यावा लागतो. मग काही डोकेबाज माणसांनी म्हटलं, सिलिंडर रांगेत हवेत कशाला? मधे एकच आखूड क्रँक ठेवू आणि सिलिंडर त्याच्याभोवती गोल मांडू. पेटी लहान, क्रँक वीतभर, आणि प्रत्येक सिलिंडरला समोरून वारा, म्हणजे पाण्याचीही कटकट नाही. असं गोल मांडलेलं इंजिन म्हणजे रेडियल इंजिन.

यातला एक वस्ताद गडी म्हणजे अलेस्सांद्रो अँझानी. मूळचा इटलीतल्या मिलानचा, पण पॅरिसला लागून कूर्बव्हाला कारखाना थाटून बसलेला, आणि सायकली, मोटरसायकलींच्या शर्यतीत मुरलेला. त्याच्या इंजिनाला तीन सिलिंडर, पण ते पुरत्या गोलात नव्हते. एक सरळ उभा आणि दोन दोन्हीकडे कललेले, सगळे वरच्या अंगाला. का, तर खाली तोंड करून सिलिंडर लावला की सगळं तेल त्यात जाऊन साचतं आणि प्लग बुडतो. ताकद म्हणाल तर 25 हॉर्सपॉवर. आज आपल्या रस्त्यावरून फटफटत जाणाऱ्या कितीतरी मोटरसायकलींत याहून जास्त असते. पेट्रोलची वाफ आत घेणारी झडप उघडायला काही यंत्रणाच नाही: पिस्टन खाली गेला की त्याच्या ओढीनं झडप आपसूक उघडायची, आणि स्प्रिंग तिला परत मिटायची. सिलिंडरच्या तळाशी अँझानीनं भोकं पाडून ठेवली होती, म्हणजे पिस्टन तिथवर आला की जळका गरम वायू चटकन बाहेर. वायूबरोबर तेलही बाहेर यायचंच, आणि ते थेट मागं बसणाऱ्याच्या अंगावर.

त्या मागं बसणाऱ्याचं नाव लुई ब्लेरिओ. या माणसानं मोटारींचे दिवे विकून चांगला पैसा कमावला आणि तो सगळा विमानं बांधण्यात आणि मोडण्यात घालवला. फ्रान्स आणि इंग्लंडमधली खाडी विमानानं ओलांडणाऱ्याला एका इंग्रजी वर्तमानपत्रानं 1000 पौंडांचं बक्षीस लावलं होतं. ब्लेरिओच्या आधी ह्यूबर्ट लाथाम नावाचा एक उमदा तरुण निघाला, पण अर्ध्या वाटेत इंजिन बंद पडलं आणि स्वारी समुद्रात उतरली. सोडवायला बोट आली तेव्हा हा पठ्ठ्या तरंगत्या विमानावर बसून निवांत सिगारेट ओढत होता म्हणे. दुसरं विमान आणून तो पुन्हा तयारीला लागला. इकडे ब्लेरिओचा पाय पोळलेला, कुबड्या घेऊन चालायचा. 25 जुलै 1909 ची पहाट झाली, वारा पडला, आणि लाथामची माणसं त्याला वेळेत उठवायला चुकली. ब्लेरिओ कुबड्यांवर आला, विमानात बसला आणि सूर्य उगवता उगवता उडाला. होकायंत्र नाही, खाली समुद्र, समोर धुकं. वाटेत इंजिन तापून लाल व्हायला लागलं, तेवढ्यात पावसाची एक सर आली आणि तिनं ते गार केलं, असं सांगतात. साधारण 37 मिनिटांनी तो डोव्हरच्या किल्ल्याजवळच्या कुरणात आदळला. पंखा मोडला, चाकांचा सांगाडा मोडला, माणूस शाबूत. जग टाळ्या वाजवत होतं. जाणकार मात्र मनात म्हणत होते, अर्ध्या तासातच तापणारं इंजिन घेऊन माणूस जाणार कुठं?

कारण खरी मेख तिथंच होती. विमानं तेव्हा इतकी हळू चालायची की समोरून लागणारा वारा सिलिंडर गार करायला पुरायचाच नाही. पाणी घालावं तर वजन वाढतं, न घालावं तर इंजिन भाजून निघतं.

आता या कोड्यात दोन भाऊ शिरतात, लुई आणि लॉरां सेगँ. यांचे आजोबा मार्क सेगँ म्हणजे तारेच्या दोरखंडांवर झुलते पूल बांधणारे, आगगाडीच्या बॉयलरमध्ये नळ्या घालून त्याची ताकद वाढवणारे नामांकित इंजिनियर; तेव्हा लोखंडाचं वेड घरातच होतं. थोरल्या लुईनं पॅरिसजवळ जेनव्हिलिएला कारखाना काढला आणि जर्मनीतल्या ओबरउर्सेल गावच्या एका कंपनीकडून तिचं ‘ग्नोम’ नावाचं एका सिलिंडरचं बैठं इंजिन बनवायचा परवाना घेतला. कारखान्यात एका जागी बसून यंत्रं चालवणारं साधं गरीब इंजिन ते. ओबरउर्सेल हे नाव मात्र ध्यानात ठेवा, ते परत येणार आहे.

1908 साली या भावांनी जे इंजिन बनवलं ते पाहून भले भले डोकं खाजवत राहिले. सात सिलिंडर गोलाकार, इथवर ठीक. पण क्रँक त्यांनी विमानाच्या सांगाड्याला पक्का आवळून टाकला आणि सिलिंडर, पेटी, सगळं इंजिन त्याच्याभोवती फिरायला मोकळं सोडलं. बैलगाडीचा कणा जागेवर असतो आणि चाक त्याच्याभोवती फिरतं ना, तसंच. पंखा थेट इंजिनाच्या पेटीलाच बोल्टानं बसवलेला; पेटी फिरली की पंखा फिरला. मिनिटाला 1200 फेरे. सिलिंडर स्वतःच हवा कापत गरगर फिरत असल्यामुळं विमान जागेवर उभं असलं तरी गार व्हायला वारा हजर. शिवाय त्या काळच्या इंजिनांना धक्के खाऊ नयेत म्हणून एक जड लोखंडी चाक जोडावं लागायचं. इथं इंजिनच ते चाक होतं, मग वेगळं कशाला?

आणखी एक मौज ऐका. तुम्ही त्या इंजिनासमोर उभे राहून पाहिलंत, तर पिस्टन मागंपुढं हेलपाटे घालताना दिसणारच नाहीत. सिलिंडर फिरतात मधल्या कण्याभोवती, आणि पिस्टन फिरतात क्रँकच्या थोड्या बाजूला असलेल्या पिनेभोवती. दोघं आपापल्या वर्तुळात गोल गोल. दोन वर्तुळांचे मध्य थोडे सरकलेले, तेवढ्यापुरताच पिस्टन सिलिंडरमध्ये आत-बाहेर होतो. म्हणून हे इंजिन थरथरायचं नाही, आणि काड्या-कापडाच्या विमानाला तेच तर हवं होतं.

जवळून पाहिलं तर कारागिरी तोंडात बोट घालायला लावणारी. सिलिंडर ओतीव नव्हते. पोलादाचा एक भक्कम ठोकळा घ्यायचा आणि लेथवर कोरत कोरत न्यायचा, की भिंत उरायची फक्त दीड मिलीमीटरची, आणि बाहेरच्या गार करणाऱ्या पातळ चकत्याही त्याच पोलादातून कोरलेल्या. क्रँक पोकळ. मागं कार्ब्युरेटर, त्यातून पेट्रोलची वाफ पोकळ क्रँकमधून पेटीत, आणि पेटीतून पिस्टनच्या माथ्यावरच बसवलेल्या इवल्याशा झडपेतून सिलिंडरमध्ये. ठिणगीसाठी फिरत्या इंजिनाच्या कडेनं उघड्या पितळी तारा प्लगपर्यंत गेलेल्या. एवढं सगळं मिळून वजन सुमारे 75 किलो आणि ताकद 50 हॉर्सपॉवर. ‘ओमेगा’ म्हणत त्याला.

सातच का, आठ का नाहीत? हा प्रश्न विचारणाऱ्याला माझ्याकडून शाबासकी. या जातीच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो, म्हणून एका फेरीत एक सोडून एक पेटवत जायचं. सात आकडे गोल मांडा आणि बोट फिरवा: एक, तीन, पाच, सात, मग दोन, चार, सहा, आणि परत एक. दोन फेऱ्यांत सगळ्यांची पाळी आली, अंतर सारखं, कुठं अडखळ नाही. आता आठ मांडून बघा. एक, तीन, पाच, सात, आणि पुन्हा एकच येतो. दोन, चार, सहा, आठ बसले तोंड बघत. म्हणून एका गोलात तीन, पाच, सात, नाहीतर नऊ.

ऑगस्ट 1909 मध्ये फ्रान्समध्ये र्‍हँस शहराबाहेरच्या माळावर विमानांची मोठी जत्रा भरली. आंरी फार्मां नावाच्या वैमानिकानं ऐन जत्रेत आपल्या विमानाचं इंजिन उतरवून हे ग्नोम बसवलं आणि तीन तासांवर हवेत घिरट्या घालत 180 किलोमीटर काढले. लांब पल्ल्याचं बक्षीस त्याचं. मग काय, जो तो जेनव्हिलिएकडं धावला. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये आंरी फाब्र नावाच्या दुसऱ्या एकानं मार्सेयजवळच्या खाजणातून, पाण्यावरून उडणारं पहिलं विमान उडवलं, तेही याच इंजिनावर.

आणि हे इंजिन आपल्याकडंही घरघरून गेलं बरं का. जानेवारी 1911 मध्ये औरंगाबादेला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, निजामाच्या मुलखात इंग्रजी घोडदळाच्या कवायती चालल्या होत्या. तिथं ब्रिस्टल कंपनीचं बॉक्सकाइट विमान आणलं, 50 हॉर्सपॉवरचं ग्नोम लावलेलं. चालवायला झ्युलरो नावाचा फ्रेंच वैमानिक आणि वरून फौजेच्या हालचाली टिपायला कॅप्टन सेफ्टन ब्रँकर. घोड्यांच्या फौजेवर आकाशातून नजर ठेवायचा हा खेळ दख्खनच्या माळावर इतक्या लवकर होऊन गेला. हे ब्रँकरसाहेब पुढं इंग्लंडच्या मुलकी विमानखात्याचे प्रमुख झाले आणि 1930 साली आर 101 या हवाई जहाजातून हिंदुस्थानकडं यायला निघाले असता फ्रान्समध्येच कोसळून गेले.

असो. आता एरंडाकडं वळू. तुमची आजी आतून म्हणेल, लावलं यांनी एरंडाचं गुऱ्हाळ. पण या वेळी खरोखरच एरंडाशिवाय गोष्ट पुढं सरकत नाही. आत्ताच सांगितलं की पेट्रोलची वाफ इंजिनाच्या पेटीतूनच जायची, आणि वंगणही तिथंच. साधं खनिज तेल घातलं तर पेट्रोल त्याला विरघळवून धुऊन नेणार आणि लोखंडाला लोखंड घासणार. एरंडेल मात्र पेट्रोलला सहजी दाद देत नाही, आणि तापलं तरी चिकट राहतं. म्हणून एरंडेल. पण गरगर फिरण्यानं ते सगळं बाहेर फेकलं जायचं. परत गोळा करून वापरायची सोय नाही, टाकीतून येईल तेवढं एकदाच. मग धुरात मिसळून त्याची फवार वैमानिकाच्या तोंडावर, चष्म्यावर, कपड्यांवर. पुढं इंजिनाभोवती पत्र्याचं झाकण बसवायला लागले ते खालून उघडं ठेवून, म्हणजे तेल पोटाखालून निघून जावं. तरी थोडं नाकातोंडात जायचंच. एरंडेल पोटात गेल्यावर काय होतं, ते शनिवारी सकाळी आजीनं चमचा पुढं केला की तुम्हीही सांगाल. पुढं पहिल्या महायुद्धात दोन तास लढाई करून उतरलेला शूर वीर आधी कुठं पळत असेल, याचा विचार करा. युद्धात या तेलाची मागणी एवढी वाढली की 1918 च्या सुमारास अमेरिकेनं हिंदुस्थानातून एरंडाचं बी नेऊन आपल्याकडच्या शेतांत पेरायला लावलं.

चालू करायची रीतही न्यारी. मेकॅनिक एकेका सिलिंडरच्या झडपेतून पिचकारीनं थोडं पेट्रोल आत सोडायचा, मग पंख्याला हात घालून ‘कोंताक्त!’ ओरडायचा, वैमानिक तेच ओरडून ठिणगीचं बटण लावायचा, आणि पंखा जोरात ओढून मेकॅनिक मागं उडी मारायचा. उडी चुकली की हात गेला. एकदा चालू झालं की मोटारीसारखं हळू-जोरात करायची धड सोय नाही. उतरायची वेळ आली की वैमानिक दांड्यावरचं बटण दाबून ठिणगी तोडायचा, सोडायचा, परत तोडायचा. म्हणून ही विमानं भुर्रर्र... गप्प... भुर्रर्र... गप्प, अशी खाली यायची. बटण फार वेळ दाबून धरलं तर न जळलेलं पेट्रोल झाकणात साचायचं, आणि सोडल्यावर भडका. पिस्टनच्या माथ्यावरची ती इवली झडप अडकली तरी भडकाच, तो पेटीत. 1913 मध्ये सेगँ बंधूंनी ती झडपच काढून टाकली आणि सिलिंडरच्या भिंतीला भोकं ठेवून काम भागवलं. माथ्यावर उरली एकच झडप. तोवर ल र्‍होन नावाची दुसरी कंपनी तांब्याच्या नळ्यांनी वाफ थेट सिलिंडरच्या माथ्याशी नेऊन झडपेचं दुखणं मिटवून बसली होती. पुढं दोन्ही कंपन्या एक झाल्या, ग्नोम ए र्‍होन.

त्याच 1913 साली, सप्टेंबरात, एक पोरगेला वैमानिक फ्रान्सच्या किनाऱ्यावरून ग्नोम लावलेलं विमान घेऊन भूमध्य समुद्रावर निघाला आणि जवळजवळ आठ तासांनी आफ्रिकेत बिझर्टला उतरला. टाकीत पेट्रोल उरलं होतं जेमतेम पाच लिटर. नाव रोलां गारोस. टीव्हीवर टेनिस बघता ना, लाल मातीवरचं? ते मैदान याच्याच नावाचं. चार वर्षांपूर्वी अर्ध्या तासात तापणारं इंजिन, आणि आता आठ तास समुद्रावर!

या गारोसनं पहिल्या महायुद्धात पंख्याच्या पात्यांना पोलादी पाचरी लावून, पंख्यातूनच समोर मशिनगन मारायची युक्ती काढली, पण एप्रिल 1915 मध्ये विमानासकट तो जर्मनांच्या हाती पडला. जर्मनांसाठी विमानं बांधणाऱ्या फोकरनं त्याहून सरस युक्ती काढली: पातं समोर आलं की बंदूक आपोआप थांबायची. आता त्या फोकर विमानाला इंजिन कुठलं होतं, सांगा बरं? ओबरउर्सेलचं! युद्धाच्या आधीच त्या जर्मन कंपनीनं उलटा ग्नोमकडून परवाना घेतला होता. ज्यांच्याकडून सेगँ भावांनी बैठं इंजिन आणलं, त्यांनाच फिरतं इंजिन शिकवून परत पाठवलं, आणि ते फ्रेंचांवरच घरघरत आलं.

पण ज्या फिरण्यानं या इंजिनाला मोठं केलं, त्याच फिरण्यानं त्याला खालीही बसवलं. सायकलचं पुढचं चाक काढून आसाला दोन्ही हातांनी धरा, जोरात फिरवा, आणि मग वळवायला बघा. चाक तुमचं ऐकत नाही. उजवीकडं वळवावं तर वर-खाली कलतं. इंग्रजांच्या सॉपविथ कॅमल विमानाच्या नाकावर क्लर्जे नावाचं नऊ सिलिंडरचं, 130 हॉर्सपॉवरचं फ्रेंच इंजिन असंच फिरायचं. उजवीकडं वळताना नाक खाली जायचं, डावीकडं वळताना वर. ज्याला हे अंगवळणी पडलं त्याच्या हातात ते भिंगरीच. नवशिक्यानं ते ध्यानात ठेवलं नाही तर शत्रूची गरजच नाही. आपला हरदित सिंग मलिक हे कॅमल उडवायचा, पगडीवर खास बनवलेली टोपी चढवून. 1917 च्या ऑक्टोबरात त्याच्या पायात गोळ्या शिरल्या, विमानाची चाळण झाली, तरी ते त्यानं उतरवलं.

युद्धाला जास्त ताकद हवी होती, म्हणजे आणखी मोठं आणि आणखी वेगानं फिरणारं इंजिन. पण फिरण्याचा वेग दुप्पट केला की सिलिंडरला बाहेर ओढणारा जोर चौपट होतो, आणि हवा कापण्यातच बरीच ताकद संपते. एव्हाना ज्या कामासाठी फिरायला लागलं ते कामही उरलं नव्हतं: विमानं वेगवान झाली, समोरचा वारा आपसूक पुरायला लागला, ॲल्युमिनियमचं काम सुधारलं. सालमसन कंपनीनं तर नऊ सिलिंडरचं गोल इंजिन न फिरवता, पाणी घालून गार केलं आणि 230 हॉर्सपॉवर काढून दाखवली. मग सगळीच गोल इंजिनं उभी राहिली, क्रँक फिरायला लागला, आणि 1920 च्या दशकात खुद्द ग्नोम ए र्‍होन एका इंग्रजी स्थिर इंजिनाचा परवाना घेऊन तेच बनवायला लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्स सरकारनं ती कंपनी ताब्यात घेतली; आज तिचा वारसा साफ्रान कंपनीकडं आहे, आणि मुंबई-पुण्याला उतरणाऱ्या कितीतरी विमानांच्या इंजिनांत तिचा वाटा असतो. ओबरउर्सेलचा कारखानाही आहे, तो आता रोल्स-रॉइसचा.

तर आता उठा, पुष्कळ झालं. मात्र एक काम देऊन ठेवतो. कधी विमानांच्या संग्रहालयात गेलात आणि नाकावर गोल मांडलेलं जुनं इंजिन दिसलं, तर सिलिंडर मोजा. विषम भरतील. सहा, दहा किंवा चौदा भरले तर गडबडू नका, बाजूनं वाकून बघा: एकामागं एक असे दोन गोल असतील, आणि प्रत्येकातले परत विषमच. मोजणीत कुणाला एका गोलात आठ सापडले, तर त्यानं येऊन मला उठवायचं, रात्र असली तरी.